डिस्को किलर, प्रोफेसर आणि सुलेमान सुपारी

‘जाने भी दो यारो’ तोंडपाठ असणाऱ्यांनाही त्यातली अनुपम खेरची भूमिका आठवणार नाही. ती पडद्यावर आलीच नाही. खेरने काम केलं होतं, चित्रीकरण झालं होतं, पात्राला झकास नावही होतं: डिस्को किलर. विनोद आणि सुधीर या दोन भाबड्या फोटोग्राफरांचा काटा काढण्यासाठी नेमलेला हा भाडोत्री मारेकरी. १२ ऑगस्ट १९८३ रोजी चित्रपट लागला, तेव्हा डिस्को किलरचा प्रत्येक प्रसंग संकलनाच्या टेबलावर गळून पडला होता.

नावावरूनच त्याचा काळ कळतो. १९८०च्या ‘कुर्बानी’ने आणि पुढच्या वर्षी नाझिया हसनच्या ‘डिस्को दीवाने’ने देशभर जी साथ पसरवली, ती १९८२च्या डिसेंबरात ‘डिस्को डान्सर’पर्यंत पोचली. त्या लाटेची टर उडवणारा सुपारीबाज हिंदी पडद्यावर येणार होता. तो आला असता तर प्रेक्षकांना अनुपम खेर आधी मारेकरी म्हणून भेटला असता आणि वर्षभराने ‘सारांश’मधले निवृत्त मुख्याध्यापक बी. व्ही. प्रधान म्हणून. घडलं ते असं, की अठ्ठाविशीतल्या नटाने रंगवलेले ते मराठी म्हातारबुवाच लोकांच्या मनात पहिले बसले.

हिंदी सिनेमात सुपारी घेणाऱ्यांची कमतरता कधीच नव्हती. काळा चष्मा, तोंडात सिगारेट, खिशात अर्धा फाटलेला फोटो. मात्र या माणसाच्या धंद्याकडे हसत पाहण्याचा प्रयत्न ज्यांनी ज्यांनी केला, त्यांची पात्रं तरी गायब झाली किंवा चित्रपट तरी. डिस्को किलर हा त्यातला पहिला बळी. दुसरा बळी म्हणजे ‘उर्फ प्रोफेसर’ हा अख्खा चित्रपट. गंमत अशी, की हे दोन्ही एकाच घराण्यातले. त्या घराण्याचं मूळ शोधायला मुंबईच्या आधी हैदराबादेत यावं लागतं.

‘जाने भी दो यारो’चा दिग्दर्शक कुंदन शाह पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा. १९७६च्या ‘बोंगा’ या पदविकापटातच त्याने गुंडांच्या टोळीची यथेच्छ टिंगल केली होती. सतीश शाह आणि राकेश बेदी तेव्हापासूनचे त्याचे नट. इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या पोरांपुढे त्या काळी दोनच वाटा असत: मुंबईत निर्मात्यांचे उंबरे झिजवायचे, नाहीतर दुसऱ्या गावी जाऊन मिळेल ते काम करायचं. रवी ओझा आणि राजेंद्र शॉ या कुंदनच्या मित्रांनी हैदराबादेत फोटो स्टुडिओ टाकला. तो चालवताना झालेल्या फजितीचे किस्से कुंदनने ऐकले आणि धंदा न चालणाऱ्या दोन प्रामाणिक फोटोग्राफरांची कल्पना त्याला तिथे मिळाली. हैदराबादच्या काचिगुडा, बरकतपुरा, अंबरपेठ या पट्ट्यात राहून हा चित्रपट ‘मुंबईचा’ म्हणून पाहणाऱ्या मराठी माणसाने एवढं ध्यानात ठेवायला हरकत नाही, की बिल्डर, कमिशनर आणि पूल मुंबईचे असले, तरी विनोद-सुधीरचं दुकान मुळात आपल्या गावचं आहे.

पुढचा इतिहास बहुतेकांना माहीत आहे. एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाचे जेमतेम सात लाख रुपये, संवाद रणजित कपूर आणि सतीश कौशिक यांचे, सहायक सुधीर मिश्रा, निर्मितीची धावपळ विधु विनोद चोप्राकडे. नायकांची नावं या दोघांवरूनच ठेवली. चोप्रा तर शेवटच्या महाभारत नाटकाच्या गोंधळात दुःशासन होऊन उभाही राहिला. नसीरुद्दीन शाहचा स्वतःचा कॅमेरा चित्रीकरणात वापरला गेला आणि तिथेच चोरीला गेला. मराठी रंगभूमीची भक्ती बर्वे ‘खबरदार’ची संपादिका झाली आणि त्या धूर्त बाईला तिने असा गोडवा दिला, की फसवणूक होतेय हे फोटोग्राफरांच्या आधी प्रेक्षकांनाही कळू नये.

या गर्दीत डिस्को किलरला जागा उरली नाही. कागदावर आणि मग फिल्मवर इतकं काही जमलं होतं, की काहीतरी कापणं भागच होतं. संकलक रेणू सलुजा. तीही पुण्याच्या इन्स्टिट्यूटचीच. सव्वादोन तासांच्या आसपासच्या चित्रपटात एक उपकथानक संपूर्ण उचलून बाहेर ठेवायचं आणि शिवण कुठेही दिसू द्यायची नाही, हे काम किती अवघड, ते तिच्या मेहनतीचं चीज झालेलं पाहूनच कळतं. चित्रपट पाहताना मारेकऱ्याची उणीव कुणालाही भासत नाही.

भासत नाही, याला लांबीपलीकडचं एक कारण आहे. आज जो चित्रपट आपल्यासमोर आहे, त्यात खून कोण करतं? अँटोनिओनी पार्कमध्ये काढलेला फोटो मोठा करत नेला, की त्यात बंदूक धरलेला हात दिसतो, तो बिल्डर तरनेजाचा. मध्ये दलाल नाही, सुपारी नाही, भाडोत्री माणूस नाही. कमिशनर डिमेलोला संपवणं हे टेंडर भरण्याइतकंच कंपनीचं रोजचं काम. शेजारी भाडोत्री मारेकरी आणून बसवला असता, तर तो कितीही विनोदी असो, हिंसा ‘त्या लोकांची’ झाली असती आणि साहेबांचे हात स्वच्छ राहिले असते. रेणू सलुजाने कापलं ते लांबीसाठी. पण त्या कात्रीने चित्रपटाचा डंख वाढवला. खेरच्या चाहत्यांना वाईट वाटलं तरी इथे कात्रीच बरोबर होती, असं म्हणावं लागतं.

त्यानंतर या चमूतल्या जवळपास प्रत्येकाने गुन्हेगारीकडे मोर्चा वळवला, पण हसू घरी ठेवून. चोप्राचा ‘परिंदा’ १९८९चा. नाना पाटेकरचा अण्णा त्यातला. सुधीर मिश्राचा ‘इस रात की सुबह नहीं’ १९९६चा. दोन्हींचं संकलन रेणू सलुजाचंच, आणि ‘परिंदा’साठी तिला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. १९९८मध्ये ‘सत्या’ आला. त्याचा दिग्दर्शक रामगोपाल वर्मा हैदराबादचा. सिनेमात येण्याआधी तो तिथल्या कृष्णा ओबेरॉय हॉटेलच्या बांधकामावर इंजिनियर होता आणि मग व्हिडिओ लायब्ररी चालवायचा. ‘सत्या’नंतर सुपारी घेणारा पोरगा हा हिंदी सिनेमाचा सर्वात गंभीर माणूस होऊन बसला.

गांभीर्याला कारणही होतं. १६ जानेवारी १९९७ रोजी कामगारनेते डॉ. दत्ता सामंत पवईत मारेकऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडले. त्याच वर्षी १२ ऑगस्टला गुलशन कुमारांची अंधेरीत हत्या झाली. जानेवारी २०००मध्ये राकेश रोशनवर सांताक्रूझमध्ये गोळीबार झाला. वर्षभराने ‘चोरी चोरी चुपके चुपके’च्या पैशांच्या प्रकरणात भरत शाह यांना अटक झाली. सुपारी हा शब्द सिनेमावाल्यांच्या घरात शिरला होता. अशा वेळी त्यावर विनोद करायला एक तर अक्कल कमी हवी, नाहीतर धैर्य जास्त हवं. ‘उर्फ प्रोफेसर’चा दिग्दर्शक पंकज अडवाणी याच्याकडे दुसरं होतं.

या नावाचा शोध घेऊ पाहणाऱ्याची पहिली गाठ बिलियर्ड्सच्या विश्वविजेत्याशी पडते. तो पुण्यात जन्मलेला पंकज अडवाणी वेगळा. हा १९६५चा. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात चित्रकला आणि पुण्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकलेला. कुंदन शाहसोबत ‘कभी हां कभी ना’ची पटकथा त्याने लिहिली. तो चित्रपट १९९४च्या फेब्रुवारीत लागला. गोव्यातला खोटारडा, नापास होणारा, प्रेमात हरणारा सुनील ही हिंदी सिनेमातल्या नायकपणाचीच थट्टा होती, आणि शाहरुख खानच्या कारकिर्दीत तसा मुलगा पुन्हा दिसला नाही. गुरूने फोटोग्राफर हरवले, शिष्याने प्रेमवीर हरवला. आता पाळी मारेकऱ्याची होती.

‘उर्फ प्रोफेसर’ २००१चा. प्रोफेसर हा सुपारी घेणारा. त्याचं बक्षीस लागलेलं लॉटरीचं तिकीट हरवतं, गाडीही हातची जाते, आणि तिच्या मागे धावताना एकाचा गोंधळ दुसऱ्याच्या गळ्यात पडत जातो. कथा एवढीच. महाराष्ट्राची सरकारी लॉटरी १९६९पासूनची. तिकिटाचा नंबर पेपरात पडताळणारा कारकून हे मुंबईच्या चाळीतलं नेहमीचं दृश्य होतं. अडवाणीने त्या कारकुनाच्या जागी मारेकरी बसवला. माणूस मारणं ही त्याची नोकरी, आणि लॉटरी ही नोकरीतून सुटण्याची आशा. ‘सत्या’तल्या पोरांना मुंबईवर राज्य करायचं होतं. या माणसाला त्याचं तिकीट परत मिळालं तरी पुरे.

निवड पाहा. प्रोफेसरच्या भूमिकेत मनोज पाहवा. तो धिप्पाड नाही, देखणा नाही, धाक वाटावा असं त्याच्यात काही नाही. त्याच वर्षी ‘ऑफिस ऑफिस’ मालिकेत तो भाटिया हा खादाड सरकारी बाबू म्हणून घरोघरी पोचत होता. सरकारी टेबलामागचा बाबू आणि बंदूकवाला यांच्यात फरक फक्त खात्याचा, हे पाहवाच्या निवडीतूनच उमगतं. सोबत शर्मन जोशी, ‘लगान’च्या लाखामुळे त्याच वर्षी नावारूपाला आलेला यशपाल शर्मा, आणि छायाचित्रकार जगदीश माळी यांची मुलगी अंतरा माळी. वर्माच्या ‘मस्त’मधून पुढे आलेली आणि लवकरच ‘कंपनी’तही दिसलेली ही नटी दोन्ही छावण्यांत वावरली. एका छावणीत सुपारीकडे करड्या नजरेने पाहिलं जायचं, दुसरीत खिदळत.

सेन्सॉर बोर्ड खिदळलं नाही. शिवराळ भाषा आणि उघडी दृश्यं यांवर बोट ठेवून चित्रपट अडवला गेला आणि तो चित्रपटगृहांत कधीच लागला नाही. त्याच सुमाराला अनुराग कश्यपचा ‘पांच’ही अडकला. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाची सावली असलेला तो चित्रपटही रीतसर पडद्यावर आला नाही. पण ‘पांच’चं दुःख सर्वांना ठाऊक आहे, कारण कश्यप पुढे मोठा झाला आणि त्या बंदीची आठवण वेळोवेळी निघत राहिली. ‘उर्फ प्रोफेसर’ची बाजू मांडायला कुणी मोठं उरलं नाही. चोरट्या प्रतींच्या आधाराने तो हातोहात फिरला आणि सिनेमावेड्यांच्या एका लहान वर्तुळात दंतकथा झाला.

बोर्डाच्या निर्णयातला विनोद अडवाणीलाही सुचला नसता. थंड डोक्याने गोळ्या घालणाऱ्यांचे चित्रपट त्या वर्षांत ‘ए’ प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडत होते. त्यांतल्या मारेकऱ्याला निदान रुबाब तरी होता. प्रोफेसरला तोही नाही. तो घामट, वैतागलेला, शिव्या घालणारा माणूस. त्याच्यासारखं व्हावं असं कुणालाही वाटणार नाही. समाजाच्या नीतीची काळजी असणाऱ्यांनी खरं तर हाच चित्रपट सक्तीने दाखवायला हवा होता.

हिंदीबाहेर मारेकऱ्यावर हसण्याचा प्रकार कधीच रूढ झाला होता. जॉन ह्यूस्टनने १९८५मध्ये ‘प्रिझ्झीज ऑनर’ केला. १९९७च्या ‘ग्रोस पॉइंट ब्लँक’मधला मारेकरी शाळेच्या जुन्या सोबत्यांच्या मेळाव्याला जातो. हैदराबादेत पुढे कुंटा निखिलच्या ‘द अंग्रेज’ने चारमिनारजवळच्या टवाळांची टोळी आणली. धीर चरण श्रीवास्तवचा इस्माईल भाई बदल्याच्या आणाभाका घेतो आणि प्रत्येक वेळी तोंडघशी पडतो. दख्खनीत त्या धमक्या ऐकताना भीती वाटणं शक्यच नाही. त्या चित्रपटाने गावात धूम केली. मराठीत तर हे त्याआधीच घडलं होतं: १९९३च्या ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू हा अव्वल खुनी, आणि पोरांनी त्याला बाहुला म्हणून डोक्यावर घेतलं.

तात्या विंचू साकारणारे दिलीप प्रभावळकर पुढे अडवाणीच्या तावडीत सापडले, हा योगायोग सुखद आहे. ‘लगे रहो मुन्नाभाई’तल्या गांधींसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाल्यावर लवकरच, १० जुलै २००९ रोजी लागलेल्या ‘संकट सिटी’त ते गणपत झाले: गाडीचोर गुरूचा साथीदार. गुरू म्हणजे के. के. मेनन. चोरलेल्या मर्सिडीजमध्ये एक कोटी सापडतात, गणपत ते लपवतो आणि मग त्याची स्मृतीच जाते. पैसे कुठे आहेत हे जगात एकाच माणसाला माहीत, आणि त्यालाच ते आठवत नाही. गांधींच्या चेहऱ्यावरचा निरागसपणा प्रभावळकरांनी इथे चोराला बहाल केला, आणि तो चपखल बसला. पाहवा इथे चित्रपट निर्मात्याच्या भूमिकेत. राहुल देवच्या वाट्याला आला सुलेमान सुपारी. ज्याच्या पैशांमुळे हे रामायण घडतं, तो सावकार फौजदार म्हणजे अनुपम खेर. कुंदन शाहच्या चित्रपटातून कापला गेलेला मारेकरी सव्वीस वर्षांनी कुंदनच्या शिष्याकडे आला, तो आता सुपारी देण्याच्या ऐपतीचा होऊन.

‘संकट सिटी’ला प्रमाणपत्र मिळालं, चित्रपटगृहंही मिळाली, प्रेक्षक मात्र मिळाले नाहीत. निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्या भांडणामुळे त्या उन्हाळ्यात दोन महिने नवे मोठे हिंदी चित्रपट लागलेच नव्हते. वाद मिटला आणि तुंबलेले चित्रपट एकमेकांच्या अंगावर आले. त्या चेंगराचेंगरीत हा दिसलाही नाही. ११ नोव्हेंबर २०१० रोजी अडवाणीचं हृदयविकाराने निधन झालं. वय ४५. कुंदन शाह २०१७च्या ऑक्टोबरात गेला.

एनएफडीसीने २०१२मध्ये ‘जाने भी दो यारो’ची जुनी प्रत दुरुस्त करून पुन्हा चित्रपटगृहांत आणली. २०२२मध्ये पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही याच महामंडळात विलीन झालं. म्हणजे चित्रपटाचा मालक आणि देशाच्या सिनेमाचा कोठीवाला आता एकच आहे. ‘उर्फ प्रोफेसर’चं तसं नाही. त्याला हक्क सांगणारा कुणी हवा आणि बोर्डाकडे नव्याने अर्ज करणारा हवा. पुन्हा नकार आला तर दाद मागायची सोपी जागाही राहिलेली नाही: चित्रपट प्रमाणन अपील न्यायाधिकरण २०२१मध्ये बरखास्त झालं आणि आता थेट उच्च न्यायालयात जावं लागतं. एवढा खटाटोप करायचा तो एका जुन्या, बिननफ्याच्या, शिवराळ चित्रपटासाठी. घरातल्या टीव्हीवर ‘मिर्झापूर’ या वेब मालिकेतली माणसं मात्र २०१८पासून त्याहून जास्त शिव्या देत, त्याहून जास्त मुडदे पाडत आहेत. त्यांना या बोर्डाकडे जावंच लागलं नाही.