लहान भट्ट्यांचा धूर : चार दशकांचा मागोवा

भारतात हवेच्या प्रदूषणाचा कायदा 1981 मध्ये झाला. घोषित नियंत्रण क्षेत्रात कारखाना चालवायचा तर राज्य प्रदूषण मंडळाचे संमतिपत्र लागू लागले. 1987 च्या दुरुस्तीने कारखाना बंद करण्याचा, त्याची वीज आणि पाणी तोडण्याचा अधिकारही मंडळांना मिळाला. कायदा तेलशुद्धीकरण कारखान्याला आणि दहा-वीस कामगारांच्या ओतशाळेला एकच होता. तेलशुद्धीकरण कारखान्यात अभियंत्यांची फौज होती; ओतशाळेत मालक, मिस्त्री आणि वडिलांच्या काळातली भट्टी. सांडपाण्याच्या बाबतीत लहान उद्योगांना वाट निघाली. 1991 पासून केंद्राच्या अर्थसाहाय्याने औद्योगिक वसाहतींत सामुदायिक प्रक्रिया केंद्रे उभी राहू लागली. पाणी गटाराने एका जागी आणता येते. धूर मात्र ज्याच्या त्याच्या धुराड्यातून निघतो. म्हणून धुरासाठीची मदत भट्टीच्या तोंडाशी जाऊनच करावी लागली.

तसा पहिला मोठा प्रयत्न 1990 च्या दशकाच्या मध्यात झाला. दिल्लीची ‘टेरी’ ही संस्था आणि स्वित्झर्लंडची सरकारी विकास सहकार्य संस्था यांनी ओतशाळा, काच आणि विटा असे धूर ओकणारे लघुउद्योग निवडले. ओतशाळांसाठी जागा ठरली पश्चिम बंगालमधील हावडा. बिडाचे ओतकाम करणाऱ्या तिथल्या ओतशाळांत कपोला भट्टी होती. उभ्या नळकांड्यात कोक, भंगार आणि चुनखडीचे थर वरून टाकायचे आणि खालून भात्याने हवा सोडायची. या रचनेत कोक जळून तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या तापलेल्या कोकमधून जाताना कार्बन मोनॉक्साइड बनतो आणि पुष्कळशी उष्णता न वापरताच निघून जाते. ब्रिटनमध्ये विकसित झालेल्या विभाजित-झोत कपोल्यात हवेच्या तोंडांची दुसरी ओळ काही अंतर वर बसवलेली असते. तिथे हा वायू भट्टीतच जळतो. 1998 मध्ये हावड्यात असा कपोला चालवून दाखवण्यात आला. त्यात कोकची सुमारे तिसऱ्या हिश्शाने बचत झाली. धूर धुण्यासाठी जोडलेल्या व्हेंचुरी स्क्रबरमुळे धुळीचे प्रमाण घनमीटरमागे 50 मिलिग्रॅमच्या आसपास उतरले. राष्ट्रीय मानकात तासाला 3 टनांहून लहान कपोल्याला 450 आणि मोठ्याला 150 मिलिग्रॅमची मुभा होती.

पुढच्या काळात दोन्ही यंत्रांचे नशीब सारखे राहिले नाही. कपोला कोक वाचवत होता, म्हणून तो इतर ओतशाळांनी उचलला. स्क्रबर महाग होता, पंपाला वीज खात होता आणि मालकाच्या हाती काही देत नव्हता. त्याचा प्रसार रेंगाळला.

फिरोजाबादचा प्रश्न न्यायालयातून आला. हिरव्या चुड्यापासून रोजच्या बांगड्यांपर्यंत काचेचा बहुतेक माल जिथून येतो ते हे गाव ताजमहालाभोवतीच्या 10,400 चौरस किलोमीटरच्या संरक्षित पट्ट्यात मोडते. 30 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या पट्ट्यातील 292 उद्योगांना नैसर्गिक वायू वापरा किंवा स्थलांतर करा, असा आदेश दिला. गॅसची वाहिनी आली, पण कोळशासाठी बांधलेल्या मुशींच्या भट्ट्यांना स्थानिक मिस्त्र्यांनी नुसते बर्नर बसवले. धुरासोबत उष्णता बाहेर जात राहिली आणि गॅसचे बिल फुगले. 2000 मध्ये टेरीने सुरू केलेल्या नमुना भट्टीत बाहेर पडणाऱ्या वायूंच्या उष्णतेने आत येणारी हवा आधीच तापवली जाई. गॅसची बचत दिसल्यावर कारखानदार पुढे आले. भट्टी रचणाऱ्या स्थानिक मिस्त्र्यांनाच शिकवल्यामुळे प्रत्येक नव्या भट्टीला दिल्लीहून माणूस येण्याची गरज उरली नाही. बांगड्या भाजण्याच्या घरोघरच्या पकाई भट्ट्या मात्र पुढेही बराच काळ कोळशावरच राहिल्या.

वीटभट्ट्यांत दोन सुधारणांची परीक्षा झाली. 1996 मध्ये मध्य प्रदेशातील दतिया भागात आणलेली उभ्या कूपकाची भट्टी इंधनात काटकसरी होती, पण भारतात ती फारशी रुजली नाही. त्याऐवजी झिगझॅग भट्टी पसरली. तिच्यात विटांची रचना अशी करतात की गरम हवा नागमोडी वाटेने जाते, कोळसा अधिक पूर्ण जळतो आणि अव्वल विटांचे प्रमाण वाढते. जुन्या भट्टीचा सांगाडाही कामी येतो. फेब्रुवारी 2022 च्या केंद्रीय अधिसूचनेने हे बदल सक्तीचे केले. प्रदूषित शहरांपासून 10 किलोमीटरच्या आतील भट्ट्यांना एक वर्ष आणि इतरांना दोन वर्षे मुदत मिळाली. भराई करणाऱ्या मजुराच्या हाताला नवी रचना बसली नाही, तर झिगझॅगचा फायदा हातचा जातो. म्हणून तिथेही मदतीचा मुख्य भाग प्रशिक्षणाचा राहिला.

कागदपत्रांचा भार हलका करण्याचा निर्णय मार्च 2016 मध्ये झाला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांना प्रदूषण निर्देशांक देऊन लाल, नारिंगी, हिरवा आणि पांढरा असे चार वर्ग केले. 20 पर्यंत गुण असलेल्या पांढऱ्या वर्गाला संमतिपत्राची गरज उरली नाही. केवळ कळवणे पुरेसे ठरले.

ताजे प्रकरण मुंबईचे आहे. 9 जानेवारी 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या पाव बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले आणि नव्या बेकऱ्यांना परवानगीसाठी तीच अट घातली. यातले हिशेब वेगळे आहेत. अनेक बेकऱ्या भंगारातले स्वस्त लाकूड जाळतात, त्यामुळे गॅसवर जाण्यात इंधनाचा खर्च वाचत नाही, वाढतो. कपोला आणि काचभट्टी यांनी मालकाला बचत दाखवली होती. पावाच्या भट्टीचा प्रश्न हावड्याच्या स्क्रबरच्या जातीचा आहे. तिथे नमुना आणि प्रशिक्षण यांच्या जोडीला भांडवली मदत आणि गॅसजोडणी यांवाचून बदल टिकणे अवघड असते.