इसार गोड, पण तेजी दुसऱ्याची!

जाब्रियात चार मराठी कुटुंबं जेवायला जमली की विषय शेअर्सवर येतोच. त्यात 'कव्हर्ड कॉल' निघाला की सगळे कान टवकारतात. म्हणजे काय? आपल्याजवळचे शेअर्स मुदतीत ठरल्या भावाला देण्याचं वचन द्यायचं आणि त्याचा इसार कायमचा खिशात टाकायचा!

समजा, वाढत्या कंपनीचे १०० शेअर्स आहेत, भाव १०० डॉलर. ११० चं वचन देऊन २०० डॉलर मिळाले. भाव १५० झाला, तर वरचे ४,००० डॉलर दुसऱ्याचे. ७० वर घसरला, तर ३,००० चा फटका आपला. इसाराने भरून निघाले फक्त २००.

१९८२ मध्ये कुवेतचा सूक अल-मनाख पुढच्या तारखेच्या चेक्सवर कोसळला. इथे निदान माल आपल्या हातात असतो. तरीही मंडळी, मुलांच्या शिक्षणासाठी राखलेले शेअर्स यात घालू नका. जे विकायचेच आहेत, त्यांवरच इसार घ्यावा.