४, ७, १०, १३... शंभरावा आकडा कोणता? आकृतिबंध शिकवताना नेमकं काय शिकवायचं असतं?

तुराटीचे सारख्या लांबीचे तुकडे घ्या. तुराटी नसेल तर काडेपेटीतल्या काड्या चालतील. चार काड्यांचा एक चौकोन करा. त्याला चिकटून दुसरा चौकोन करायला तीनच काड्या लागतात, कारण मधली काडी दोघांची असते. तिसऱ्यालाही तीनच. म्हणजे काड्यांची संख्या ४, ७, १०, १३ अशी वाढते.

पुढचा आकडा १६, हे जवळपास कुणीही सांगेल.

पण १०० चौकोनांच्या रांगेला किती काड्या लागतील?

सहावी-सातवीच्या वर्गात हा प्रश्न विचारला की खरी गंमत सुरू होते. शाळेत अंकगणिताकडून बीजगणिताकडे जाणारा रस्ता याच प्रश्नातून जातो.

आकृतिबंध म्हणजे काय?

ठरावीक नियमाने पुढे जाणारी आकड्यांची किंवा आकारांची मांडणी म्हणजे आकृतिबंध. बालभारतीच्या पाचवीच्या गणितात हा धडा आहे आणि त्याला लागूनच बीजगणिताची पूर्वतयारी येते. हा क्रम मुद्दाम ठेवलेला आहे. एनसीईआरटीच्या २०२४ मध्ये आलेल्या सहावीच्या 'गणित प्रकाश' या पुस्तकाची सुरुवातच आकृतिबंधांपासून होते. पुढे दहावीत हेच '४, ७, १०, १३' अंकगणिती श्रेढी म्हणून भेटतं.

तरीही अनेक मुलांची आकृतिबंधाशी ओळख होते ती स्पर्धा परीक्षेच्या तयारीत. शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत 'मालिका पूर्ण करा' असे प्रश्न असतात. तिथे वेळ कमी आणि पर्याय चार. त्यामुळे 'दोन आकड्यांतला फरक काढ आणि पुढे मिळव' ही युक्ती पाठ होते. युक्तीने गुण मिळतात, पण ती शंभराव्या चौकोनापर्यंत नेत नाही.

४०० की ३१०?

शंभर चौकोनांसाठी मुलांकडून साधारण दोन चुकीची उत्तरं येतात.

पहिलं, ४००. 'एका चौकोनाला चार, मग शंभराला चारशे.' इथे सामाईक काड्या दोनदा मोजल्या जातात.

दुसरं, ३१०. 'दहा चौकोनांना ३१ लागतात, मग शंभराला दहापट.' हे ऐकायला बरोबर वाटतं. पण दहा-दहा चौकोनांच्या दहा रांगा एकमेकींना जोडून बघा. प्रत्येक सांध्यावर एक काडी जास्तीची होते. सांधे ९, म्हणून ३१० मधून ९ वजा. उत्तर ३०१.

चूक नुसती खोडली तर मूल पुढच्या वेळी गप्प बसतं. तीच चूक काड्या मांडून तपासली तर नियम हाती लागतो.

बरोबर उत्तराकडे जाणाऱ्या वाटाही एकाहून जास्त आहेत:

- आधी एक उभी काडी ठेवा, मग प्रत्येक चौकोनाला तीन: १ + ३ × १०० = ३०१
- पहिला चौकोन चारचा, उरलेले ९९ तीन-तीनचे: ४ + ३ × ९९ = ३०१
- वरच्या १००, खालच्या १००, उभ्या १०१: एकूण ३०१

आता १०० च्या जागी 'क्ष' लिहा. १ + ३क्ष, ४ + ३(क्ष − १) आणि क्ष + क्ष + (क्ष + १) अशा तीन राशी मिळतात. तिन्ही सारख्या का आहेत, हे मुलाने आधीच डोळ्यांनी पाहिलेलं असतं. 'क्ष' फळ्यावर अचानक उगवत नाही, तो काड्यांच्या रांगेतून येतो.

झरी जामणीत हे जास्त महत्त्वाचं का?

यवतमाळ जिल्ह्यातला झरी जामणी तालुका तेलंगणाच्या सीमेला लागून आहे. इथे कोलाम समाजाचे पोड आहेत. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींची नोंद विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून आहे. कोलामी ही द्रविड भाषाकुळातली भाषा, गोंडीही त्याच कुळातली. शेजारी तेलुगू. पुस्तक मात्र प्रमाण मराठीत.

याचा गणिताशी थेट संबंध आहे. २१ हा आकडा मराठीत 'एकवीस', म्हणजे आधी एकक, मग दशक. लिहिताना मात्र आधी २, मग १. तेलुगूत २१ म्हणजे 'इरवै ओकटि', म्हणजे वीस आणि एक, लिहितो त्याच क्रमाने. त्यात मराठीत २९ साठी 'एकोणतीस', म्हणजे तिसाला एक कमी. मराठी आकड्यांच्या नावांत नियम आहे, पण तो बराच झाकलेला आहे.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' असं वाचन दिलं गेलं, तेव्हा राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या तेव्हाच्या प्रमुख मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं की जोडाक्षरं असलेली संख्यांची नावं मुलांना अवघड जातात. ज्यांच्या घरची भाषाच वेगळी, त्यांना ही अडचण आणखी जाणवणार, हे उघड आहे.

काड्यांच्या रांगेला असं भाषांतर लागत नाही. मूल आधी मांडतं, बोटाने दाखवतं, आपल्या भाषेत शेजाऱ्याला सांगतं आणि मग मराठीत लिहितं. शब्द अडला म्हणून विचार अडत नाही.

साहित्यही विकत आणावं लागत नाही. कापूस-तुरीच्या या पट्ट्यात काड्यांना तोटा नाही, ठिपक्यांसाठी चिंचोके आहेत. बांबूच्या टोपल्या आणि चटया विणणं हे कोलामांचं पारंपरिक काम. विणकामात 'दोन पट्ट्या वर, दोन खाली' हा नियम घ्या आणि प्रत्येक ओळीत एक घर सरका. चटईवर तिरक्या रेषा उमटतात. 'पाचव्या ओळीत काय होईल?' हा वर्गात विचारण्याजोगा प्रश्न आहे. उत्तर: चार ओळींनंतर नक्षी पुन्हा पहिल्यासारखी.

रांगोळीचे ठिपके आणि कापरेकर

जमिनीवर चिंचोक्यांच्या ओळी मांडा: १, २, ३, ४, ३, २, १. बेरीज १६. आता मान तिरकी करून बघा. तो चार बाय चारचा चौरस आहे, फक्त टोकावर उभा. म्हणून बेरीज ४ × ४.

आता हा गुणाकार करा: ११११ × ११११. उत्तर १२३४३२१. तेच आकडे! कारण गुणाकार मांडताना ११११ चार वेळा, एकेक घर सरकवून लिहिला जातो आणि उभ्या रकान्यांत १, २, ३, ४, ३, २, १ इतके एक येतात.

अशा संख्यांचा अभ्यास दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी केला आणि त्यांना 'डेम्लो संख्या' म्हटलं. १९०५ मध्ये डहाणूत जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'मुळे ते जगभर ओळखले जातात. कागद, पेन्सिल आणि आकड्यांशी खेळायची सवय, एवढ्यावर त्यांचं बरंच काम उभं राहिलं.

दिसलेला क्रम नेहमी खरा असतो का?

नाही. वर्तुळावर बिंदू घ्या, प्रत्येक बिंदू इतर सगळ्यांना सरळ रेषेने जोडा आणि आतले भाग मोजा. बिंदू १ ते ५ असताना भाग होतात १, २, ४, ८, १६. सहा बिंदूंना ३२? मोजून बघा. बिंदू कसेही ठेवले तरी जास्तीत जास्त ३१ च मिळतात.

म्हणून 'पुढे काय?' याच्या जोडीला 'असंच का?' हा प्रश्न हवा. काड्यांच्या रांगेत ते सांगता येतं: प्रत्येक नवा चौकोन तीनच काड्या मागतो, हे कधीच बदलत नाही.

घरी किंवा वर्गात काय विचारायचं?

- काय बदलतंय?
- काय तसंच राहतंय?
- शंभरावं कसं असेल, आणि तुला ते कसं कळलं?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की ४, ७, १०, १३ मधला ३ कुठून आला आणि १ कुठे लपलाय, हे मुलाला सापडतं. तिसऱ्याचं उत्तर ते स्वतःच्या शब्दांत देऊ लागलं, भले कोलामीत देवो की मराठीत, की त्याचं बीजगणित सुरू झालेलं असतं.