विनू मांकड : हौस आणि धंदा

क्रिकेटच्या खेळांत 'धंदेवाईक' हा शब्द एके काळीं कमी प्रतीचा मानला जात असे. इंग्लंडांत हौसेनें खेळणारा तो 'जंटलमन' आणि पैसे घेऊन खेळणारा तो नुसता 'प्लेअर'. दोघे एकाच संघांत खेळत; परंतु पुष्कळ मैदानांवर त्यांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या निराळ्या असत आणि मैदानावर उतरण्याचीं दारेंहि निराळीं असत. हा भेद १९६२ च्या अखेरीस रद्द झाला. आपल्याकडे असे दोन वर्ग कागदोपत्रीं नव्हते. तरी खेळावर पोट भरणाऱ्याकडे पाहण्याची दृष्टि फारशी निराळी होती असें मला वाटत नाहीं. विनू मांकड यांच्या चरित्रांत हा प्रश्न एकदां फार स्पष्टपणें उभा राहिला, म्हणून आज त्यांच्याविषयीं बोलण्याचें योजिलें आहे.

मूळवंतराय हिंमतलाल मांकड यांचा जन्म १२ एप्रिल १९१७ रोजीं जामनगर येथें झाला. जामनगर म्हणजे नवानगर संस्थानची राजधानी, रणजितसिंहांचें गांव. तेथें ससेक्सचे धंदेवाईक खेळाडू बर्ट वेन्सली यांची शिकवण त्यांना लाभली. नवानगरनें १९३६-३७ सालीं रणजी करंडक जिंकला, त्या संघांत वेन्सली व मांकड दोघेहि होते. पुढें मांकड निरनिराळ्या प्रांतांकडून खेळले. आपल्या महाराष्ट्राकडून खेळले, मुंबईकडूनहि खेळले. चाकरी जेथें मिळेल तेथें बिऱ्हाड, असा तो काळ होता.

ते उजव्या हातानें फलंदाजी करीत व डाव्या हातानें मंद फिरकी गोलंदाजी टाकीत. असा चेंडू टप्पा पडल्यावर उजव्या फलंदाजापासून बाहेर जातो. फलंदाज त्या वळणाची वाट पाहत असतां, हाताची तीच हालचाल ठेवून मांकड एखादा चेंडू सरळ आंत आणीत, आणि फलंदाजाची यष्टी जाई किंवा तो पायचीत होई. १९४६ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं ११२० धांवा केल्या व १२९ बळी घेतले. अशी दुहेरी कामगिरी दुसऱ्या कोणाहि भारतीयास तेथें साधलेली नाहीं.

आतां १९५२ सालाकडे वळूं. त्या वर्षाच्या फेब्रुवारींत मद्रास येथें भारतानें आपला पहिला कसोटी विजय मिळविला, तोहि इंग्लंडवर. मांकड यांनीं त्या सामन्यांत १०८ धांवांत १२ बळी घेतले. त्याच उन्हाळ्यांत भारतीय संघ इंग्लंडला जाणार होता. इकडे लँकेशायर लीगमधील हॅसलिंग्डन या क्लबाचें मांकड यांना बोलावणें होतें. या लीगची रीत मोठी गमतीची. गिरण्यांच्या गांवांचे हे क्लब. प्रत्येकास एकच धंदेवाईक खेळाडू ठेवण्याची मुभा, बाकीचे गडी कामगार, कारकून, दुकानदार. सामना शनिवारीं दुपारीं. पगारी खेळाडूनें धांवा काढाव्या, बळी घ्यावे, आणि मुलांना शिकवावेंहि. त्यानें पन्नास धांवा केल्या कीं प्रेक्षकांत वर्गणी फिरे. वेस्ट इंडीजचे लिअरी कॉन्स्टन्टाईन यांनीं नेल्सन क्लबाकडे नऊ हंगाम अशीच चाकरी केली होती.

मांकड यांनीं आपल्या क्रिकेट मंडळाकडे एवढेंच मागितलें कीं, दौऱ्यासाठीं माझी निवड नक्की होईल असें सांगा, म्हणजे मी हॅसलिंग्डनला नकार देतों. मंडळानें तसें वचन दिलें नाहीं. निवडीपूर्वीं वचन देणें मंडळास नियमाबाहेरचें वाटलें असेल. परंतु मद्रासचा विजय ताजा असतां ज्यानें तो मिळवून दिला त्याची निवड संशयांत ठेवण्यांत कोणतें शहाणपण होतें, हें मला कळलेलें नाहीं. मांकड हॅसलिंग्डनला गेले. लीड्सच्या पहिल्या कसोटींत भारताच्या दुसऱ्या डावाचे पहिले चार गडी शून्य धांवांवर बाद झाले. गंमत अशी कीं, याच सामन्यांत इंग्लंडनें लेन हटन या धंदेवाईक खेळाडूस रीतसर कप्तान नेमलें होतें. विसाव्या शतकांत तसें प्रथमच घडत होतें.

मग धांवपळ झाली. हॅसलिंग्डनकडे शब्द टाकण्यांत आला आणि त्या क्लबानें आपला गडी उरलेल्या तीन कसोट्यांसाठीं मोकळा केला.

लॉर्ड्सवर मांकड सलामीस आले व त्यांनीं ७२ धांवा केल्या. संघाच्या धांवा २३५. इंग्लंडनें ५३७ केल्या. त्या डावांत मांकड यांनीं ७३ षटकें, म्हणजे ४३८ चेंडू, टाकून १९६ धांवांत ५ बळी घेतले. डाव संपल्यावर मध्यें दहा मिनिटें मिळतात. तेवढ्यांत पायाला पॅड बांधून ते पुन्हां सलामीस उतरले आणि १८४ धांवा करून बाद झाले. कप्तान विजय हजारे यांच्या साथीनें त्यांनीं २११ धांवांची भर घातली. दोन्ही डाव मिळून भारताच्या ६१३ धांवा, पैकीं मांकड यांच्या २५६. मुलांना पूर्णांक-अपूर्णांक शिकविण्यांत माझीं वर्षें गेलीं, म्हणून सांगतों : पांच वांट्यांपैकीं दोनांहून अधिक एकट्याचे. इंग्लंडला ७७ धांवाच करावयाच्या राहिल्या. तरी त्यांनीं आणखी २४ षटकें टाकलीं. सामना आठ गड्यांनीं हरला.

त्याच वर्षाच्या अखेरीस पाकिस्तानविरुद्ध खेळतांना, २३ व्या कसोटींत, त्यांच्या हजार धांवा व शंभर बळी पुरे झाले. हा वेग १९७९ पर्यंत कोणी मोडला नाहीं. १९५६ च्या जानेवारींत मद्रासला त्यांनीं २३१ धांवा केल्या आणि पंकज रॉय यांच्यासह सलामीस ४१३ धांवांची भागी केली. ती ५२ वर्षें टिकली.

एवढें असून परदेशीं त्यांचें नांव घेतलें जाई तें एका धांवबादासाठीं. १९४७ च्या डिसेंबरांत सिडनीच्या कसोटींत, चेंडू सुटण्यापूर्वींच पुढें सरकणाऱ्या बिल ब्राऊन यांना त्यांनीं बाद केलें. त्याच दौऱ्यांतील आधींच्या एका सामन्यांत ब्राऊनना त्यांनीं प्रथम बजावलें होतें व नंतर तसेंच बाद केलें होतें. ब्रॅडमन यांनीं आपल्या आत्मचरित्रांत मांकड यांचीच बाजू घेतली; तरी वृत्तपत्रांनीं त्या क्रियेस मांकड यांचें नांव चिकटवून दिलें. ऑक्टोबर २०२२ पासून एम.सी.सी.नें तें कलम 'अनुचित खेळ' या सदरांतून काढून साध्या 'धांवबाद' या सदरांत घातलें. मांकड त्यापूर्वीं ४४ वर्षें, २१ ऑगस्ट १९७८ रोजीं, मुंबईस निवर्तले होते.