युक्तिवादाने माणूस बदलतो का?

नीतिशास्त्र शिकून विद्यार्थ्याच्या वागण्यात काही फरक पडतो का, हा प्रश्न जुनाच; तो मोजून पाहण्याचा प्रयत्न मात्र अलीकडचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील शाखेत एरिक श्विट्झगेबेल आणि सहकाऱ्यांनी तत्त्वज्ञानाच्या चार मोठ्या वर्गांतल्या १३३२ विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एका गटाने मांसाहाराच्या नैतिकतेवरचा लेख वाचला, दुसऱ्याने दानधर्मावरचा. सोबत विषयाशी संबंधित व्हिडिओ पाहण्याची मुभा होती. मग ५० मिनिटांची चर्चा. विद्यार्थी काय म्हणतात एवढ्यावर न थांबता संशोधकांनी आवारातल्या उपाहारगृहांच्या पावत्या तपासल्या. साधारण पाच डॉलर व त्यावरच्या खरेदीत पहिल्या गटाच्या ज्या पावत्यांवर मांसाचा पदार्थ होता, त्यांचे प्रमाण ५२ टक्क्यांवरून ४५ वर आले. दुसऱ्या गटाचे ५२ वरच राहिले. २०२० साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोणी म्हणेल, हा युक्तिवादाचा प्रभाव नव्हेच. सोबतच्या व्हिडिओने पोटात कालवले असेल. म्हणून पुढच्या अभ्यासात सर्वांना लेख दिला आणि निम्म्यांनाच पशुपालन कारखान्यांतली दृश्ये दाखवली. मांस घेणे कमी झाले. दृश्ये पाहिलेल्यांच्या आणि न पाहिलेल्यांच्या मतांत फरक आढळला नाही; खरेदीतली घट मात्र दृश्ये पाहिलेल्यांत कदाचित थोडी अधिक होती. पावत्या थोड्याच विद्यार्थ्यांच्या मिळाल्या होत्या, त्यामुळे फार ताणू नये. तरी भावना हलवायला हृदयद्रावक चित्रच लागते, हा समज यातून डळमळतो.

माझ्या मते याचे कारण असे, की भावनेच्या पोटातच एक निवाडा असतो. रांगेत कोणी धक्का दिला म्हणून आलेला राग, तो माणूस भोवळ येऊन कोसळत होता हे कळताच ओसरतो, कारण ‘याने माझा अपमान केला’ हा निवाडाच खोटा ठरतो. म्हणूनच अॅरिस्टॉटलला राग सरसकट वाईट वाटत नाही. तो कोणावर, कशासाठी, किती आणि केव्हा, हे त्याला महत्त्वाचे वाटते. भावनेला नीतीत अशी जागा देण्याविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप कांटचा आहे. १७८५च्या ग्रंथात तो अशा माणसाची कल्पना करतो, ज्याचे मन स्वतःच्याच दुःखाने झाकोळले आहे आणि तरी तो केवळ कर्तव्य म्हणून दुसऱ्याला मदत करतो. खरे नैतिक मोल त्या मदतीला. करुणा आटते, हे कांटचे निरीक्षण मला मान्य आहे; ती जवळच्यांकडे झुकते, हेही. पण त्यातून तिला वर्गाबाहेर घालवावे असे निघत नाही. कांटनेच १७९७ साली लिहिले, की गरिबांच्या वस्त्या, आजाऱ्यांच्या खोल्या, कर्जदारांचे तुरुंग टाळू नयेत, उलट तिथे जावे, म्हणजे सहानुभूती जोपासली जाईल.

आपल्याकडे २०१३पासून यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर आहे आणि भावनिक बुद्धिमत्ता त्याच्या अभ्यासक्रमात आहे. अशा विषयातून उपदेशच होईल, ही भीती रास्त आहे. पण ‘करुणा बाळगावी’ हे वाक्य पाठ करवून घेणे हाच उपदेश, तिची उलटतपासणी करणे म्हणजे अभ्यास. संजय गांधी निराधार योजनेचा एखादा अर्ज घ्या: उत्पन्नाचा दाखला नाही म्हणून तो परत गेला आहे आणि अर्जदार बाई टेबलासमोर उभी आहे. अधिकाऱ्याला वाटणारा कळवळा नियमातली खरी उणीव दाखवतो आहे, की केवळ समोरच्या चेहऱ्याला भुलला आहे? असाच अर्ज घेऊन जी दुसरी बाई तहसीलपर्यंत पोहोचूच शकली नाही, तिच्याबद्दल त्याला काय वाटते? आणि काहीच वाटत नसेल, तर का नाही?