माल ग्राहकाकडे जाण्याआधी गेजमधून जाऊ द्या



क्वालिटी चेकिंगच्या व्हिडिओत मी एक उदाहरण घाईघाईत सांगून पुढे गेलो होतो. ते आज नीट उलगडून सांगतो. उदाहरण जरा हटके आहे. अमेरिकेत पिस्तूल नेमबाजीच्या स्पर्धा खेळणारे बरेच जण वापरलेली काडतुसं घरीच पुन्हा भरतात आणि ती नीट बसतात की नाही, हे एका छोट्याशा धातूच्या ठोकळ्याने तपासतात. त्या ठोकळ्याला म्हणतात केस गेज.

तुम्ही म्हणाल, "सर, माझा लोणच्याचा धंदा, मला काडतुसाशी काय करायचंय?" थांबा, वाचा तर खरं. आणि एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा शस्त्र कायदा, १९५९ नुसार गुन्हा आहे. आपल्याला तिथून फक्त तपासणीची पद्धत उचलायची आहे.

चूक कुठे होते, ते आधी बघा

काडतुसात चार वस्तू असतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी प्रायमर, आत दारू आणि तोंडावर गोळी. बार उडाला की गोळी निघून जाते, दारू जळते, प्रायमर संपतो. पुंगळी मात्र शिल्लक राहते. पितळ महाग, म्हणून ती पुन्हा वापरायची.

पण बार उडताना आतल्या दाबाने पुंगळी फुगते. म्हणून तिला डायमध्ये दाबून परत मापात आणतात. मग नवा प्रायमर, दारू भरताना पुंगळीचं तोंड किंचित रुंद करणं, गोळी बसवणं आणि शेवटी ते तोंड परत मिटवणं.

आता यात बिघडू काय शकतं? बुडाकडचा फुगवटा पूर्ण दाबला गेला नाही. तोंड नीट मिटलं नाही. गोळी जास्त बाहेर राहिली. किंवा बुडाच्या कडेला बर, म्हणजे बारीक खरखरीत कोर राहिली. चारही चुका डोळ्यांना चटकन दिसत नाहीत. पण असं काडतूस पिस्तुलाच्या चेंबरमध्ये अडकतं.

माप किती बारीक आहे बघा. अमेरिकेत काडतुसांची मापं ठरवणारी सामी नावाची उत्पादकांची संस्था १९२६ पासून आहे. तिच्या मापाप्रमाणे ९ एमएम काडतुसाच्या पुंगळीचं तोंड जास्तीत जास्त ९.६५ मिलिमीटर आणि काडतुसाची एकूण लांबी जास्तीत जास्त २९.६९ मिलिमीटर. रात्री दोनशे काडतुसं भरून झाल्यावर प्रत्येकाला व्हर्नियर कोण लावत बसणार?

गेज करतं काय?

गेज म्हणजे एक ठोकळा. त्यात चेंबरच्या आकाराचं भोक. काडतूस वरून सोडायचं. स्वतःच्या वजनाने ते 'टप्' करून आत बसलं, बूड गेजच्या पातळीत आलं आणि गेज उलटं केल्यावर आपोआप बाहेर पडलं, तर पास. अंगठ्याने दाबावं लागलं तर नापास. इथे 'थोडंसंच तर दाबलं' हा प्रकार चालत नाही.

शंभर भोकांची गेजसुद्धा मिळतात. शंभर काडतुसं टाकायची आणि वरून बोट फिरवायचं. जे बोटाला लागलं ते बाहेर काढायचं. वाचायचं काही नाही, लिहायचं काही नाही, शंका घ्यायची नाही. उत्तर फक्त हो किंवा नाही.

यातून आपण चार गोष्टी शिकायच्या

१. तुमचं गेज ग्राहकाच्या मशीनपेक्षा कडक हवं. प्रत्येक पिस्तुलाचं चेंबर थोडं वेगळं कापलेलं असतं, कुठे किंचित सैल, कुठे घट्ट. गेजचं भोक ठेवतात परवानगी असलेल्या सर्वात लहान चेंबरएवढं. या कडक भोकात बसलेलं काडतूस सहसा बाकीच्या चेंबरमध्येही बसतं. तुमच्याकडे दहा ग्राहक असतील, तर सगळ्यात चोखंदळ ग्राहकाचं माप हेच तुमचं गेज.

२. नापास मालाचं काय करायचं, हे आधीच ठरवा. आयपीएससी ही या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ साली सुरू झाली. तिच्या पद्धतीत मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात. म्हणजे एक काडतूस अडकलं की नेम कितीही चांगला असो, सेकंद गेले आणि नंबर गेला. म्हणून जाणते नेमबाज तीन डबे ठेवतात. गेजमध्ये पास झालेली काडतुसं स्पर्धेसाठी. गेजमध्ये नापास, पण स्वतःच्या पिस्तुलाची नळी वेगळी काढून त्यात टाकल्यावर मोकळी बसणारी, ती सरावासाठी. दोन्हीकडे नापास झालेली सुटी करून भाग परत वापरायला. मित्रांनो, आपल्याकडे नापास माल 'बघू नंतर' म्हणून कोपऱ्यात पडतो आणि घाईच्या दिवशी तोच पॅक होऊन जातो. खरं की नाही?

३. नापास नग फेकण्याआधी त्याला कारण विचारा. काडतूस तोंडाकडे अडत असेल, तर तोंड मिटवायची सेटिंग बिघडली. बुडाकडे अडत असेल, तर डाय पुरेशी खाली येत नाही. एका रांगेत तीन नग एकाच जागी अडले, तर चौथा भरू नका. मशीन थांबवा.

४. गेजला काय दिसत नाही, हे माहीत हवं. हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. काडतुसात दारू दुप्पट पडली तरी ते गेजमध्ये अगदी छान बसतं. आणि तेच काडतूस पिस्तूल फोडू शकतं, हात जायबंदी करू शकतं. दारूसाठी वजनकाटा लागतो आणि गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत डोकावून बघावं लागतं. गोळी सैल बसली असेल तर ती आत सरकते आणि दाब वाढतो, तेही गेज सांगत नाही. म्हणजे फिट बसलं याचा अर्थ सुरक्षित झालं, असा होत नाही. गेजने फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं असतं.

आता आपल्या धंद्यात या

माझं दुकान नटबोल्ट आणि हार्डवेअरचं. काउंटरवर एम १० चं रिंग गेज कायम असतं, 'गो' आणि 'नो गो' अशा दोन रिंगांचं. बोल्टवर 'गो' रिंग हाताने पूर्ण फिरली पाहिजे. 'नो गो' रिंग दोन आट्यांच्या पुढे जाता कामा नये. नवी पेटी आली की वेगवेगळ्या थरांतले पाच बोल्ट काढून दोन्ही रिंग लावायच्या, मगच माल रॅकवर. एकदा एका पुरवठादाराच्या पेटीत पाचपैकी दोन बोल्टवर 'नो गो' आरामात फिरली. बोल्ट दिसायला चकचकीत, पण आटे सैल. पेटी त्याच टेम्पोने परत गेली. तो बोल्ट कुणाच्या ट्रॉलीला लागला असता, तर शिव्या कारखान्याला नाही, माझ्या दुकानाला पडल्या असत्या.

ही 'नो गो'ची बाजू नीट समजून घ्या. घट्ट चूक लगेच कळते, कारण वस्तू बसतच नाही. सैल चूक ग्राहकाच्या हातात गेल्यावर कळते. म्हणून जॉबवर्क करणाऱ्यांच्या प्लग गेजला दोन टोकं असतात. समजा, ड्रॉइंगमध्ये १० मिलिमीटरचं एच ७ भोक आहे. मग 'गो' टोक १०.००० चं, ते आत गेलंच पाहिजे. 'नो गो' टोक १०.०१५ चं, ते आत जाता कामा नये. नवीन मुलालाही हे एका दिवसात शिकवता येतं.

इंजिनिअरिंगच कशाला, बांगड्यांचं बघा. दोन-सहा म्हणजे आतला व्यास दोन पूर्णांक सहा सोळांश इंच, साधारण ६०.३ मिलिमीटर. ऑनलाइन बांगड्या विकत असाल, तर मापाच्या दांडीवर सरकवून बघितल्याशिवाय डझन पॅक करू नका. लोणचं विकताय? झाकणांची नवीन खेप आली की तुमच्याच बरणीवर दहा झाकणं लावा, बरणी उलटी ठेवा, रात्रभर बघा. तीच तुमची गेज. पण लोणच्यात मीठ बरोबर पडलंय का, हे बरणी सांगणार नाही. त्यासाठी काटाच लागतो.

पैशाचा हिशोब

समजा, तुम्ही ५०० नगांचं काम घेतलं, नगाला ४० रुपये. एकूण २०,००० रुपये. एक नग तपासायला पाच सेकंद धरा. ५०० नगांना २,५०० सेकंद, म्हणजे पाऊण तासाच्या आत काम संपलं. आता तोच लॉट पार्टीकडून रिजेक्ट होऊन आला, तर जाण्या-येण्याचं भाडं, पुन्हा तपासणी, अडकलेलं बिल आणि पुढची ऑर्डर, हे सगळं त्या पाऊण तासासमोर मांडून बघा.

या आठवड्यात एवढं करा

- तुमच्या मालात ग्राहकाला नडणारं एकच माप शोधा.
- त्यासाठी 'हो-नाही' सांगणारं साधन विकत घ्या किंवा बनवून घ्या.
- 'पास', 'दुय्यम', 'नापास' असे तीन डबे ठेवा आणि डब्यावर नाव लिहा.
- गेज रोज पुसा. त्यात कचरा अडकला तर चांगला नगही नापास होतो. आणि वापरून गेज झिजतं, म्हणून ते ठरावीक काळाने तपासून घ्या.
- गेजला न दिसणाऱ्या गोष्टींची यादी भिंतीवर लावा आणि प्रत्येकीपुढे ती कोण तपासणार, त्याचं नाव लिहा.

शेवटचं काम बहुतेक जण टाळतात. तुम्ही तिथूनच सुरुवात करा. त्या यादीत सगळ्यात वर जे येईल, त्यासाठी वजनकाटा कसा निवडायचा, ते पुढच्या व्हिडिओत बघू. तोपर्यंत धंदा जोरात चालू द्या!