३८ तासांची कारकीर्द

बेसबॉलमध्ये पिचरच्या हातातून सुटलेला चेंडू बॅटरपर्यंत पोचायला साधारण ०.४ सेकंद लागतात. हा आकडा लिओ मझोनी यांच्या कारकिर्दीला लावून पाहा. जून १९९० पासून २००५ चा हंगाम संपेपर्यंत ते अटलांटा ब्रेव्ह्ज संघाचे पिचिंग कोच होते. तेवढ्या काळात संघ सुमारे २,४५० साखळी सामने खेळला. एका सामन्यात संघाचे सगळे पिचर मिळून १४० च्या आसपास चेंडू टाकतात असं धरलं, तर बेरीज ३ लाख ४३ हजारांवर जाते. आणि हे सगळे चेंडू हवेत होते तेवढाच वेळ मोजला, तर तो भरतो जेमतेम ३८ तास.

साडेपंधरा वर्षांच्या नोकरीचा निकाल या ३८ तासांत लागला, आणि त्यातल्या एकाही सेकंदात मझोनींना काही करता येत नव्हतं. ते डगआउटच्या बाकावर बसून कमरेतून पुढे-मागे झुलत राहायचे. टीव्हीवर अटलांटाचे सामने बघणाऱ्यांना ते झुलणं चांगलंच ओळखीचं झालं होतं.

चूक किती बारीक असू शकते तेही बघू. चेंडू हातातून सुटतो तिथून बॅटरजवळची होम प्लेट, म्हणजे नेम धरायची पाटी, साधारण साडेसोळा मीटरवर असते आणि तिची रुंदी ४३ सेंटीमीटर. नेम प्लेटच्या बरोबर मधोमध धरला आणि चेंडूची दिशा फक्त एका अंशाने चुकली, तर तो २९ सेंटीमीटर बाजूला जातो, म्हणजे प्लेटच्या बाहेर. आणि त्या क्षणी हाताचा वेग काय असतो? चेंडू टाकताना दंड खांद्यात ज्या गतीने आत वळतो ती सेकंदाला सुमारे ७,००० अंश इतकी मोजली गेली आहे. त्याच गतीने हात फिरत राहिला असता, तर सेकंदात १९ फेऱ्या झाल्या असत्या! असा नेम मझोनींच्या हाताखालच्या ग्रेग मॅडक्सने १९९७ च्या हंगामात २३२ इनिंग सांभाळला आणि तेवढ्यात फक्त २० बॅटरना नेमाबाहेरच्या चार चेंडूंवर फुकट बेस दिला. मला स्वतःला या खेळातला सगळ्यात अविश्वसनीय आकडा हाच वाटतो.

पण खरी भीती कोपराची. जोरात टाकलेल्या एका चेंडूला कोपरावर सुमारे ६४ न्यूटन-मीटर पीळ बसतो. मृतदेहांवरच्या चाचण्यांत कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध याच्या निम्म्या पिळालाच तुटलेला आहे. उरलेला भार स्नायू उचलतात म्हणून हात टिकतो. स्नायू थकले की सगळं त्या बारीक पट्टीवर येतं. त्या काळी सामन्याची सुरुवात करणारा पिचर दर पाचव्या दिवशी शंभरेक चेंडू टाकायचा, म्हणजे क्रिकेटच्या हिशेबाने सोळा-सतरा षटकं, आणि हंगामात अशा ३३ ते ३५ पाळ्या.

इथे मझोनींनी रूढ पद्धतीच्या उलट पाऊल टाकलं. दोन सामन्यांच्या मधल्या दिवसांत पिचर एकदाच सराव करत. मझोनींनी तो दोनदा करायला लावला, पण जोर कमी ठेवून. बॅटरपासून लांबच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर फास्टबॉल टाकायचा, पुन्हा पुन्हा तिथेच. ही शिकवण त्यांना मिळाली पिचिंग कोच जॉनी सेन यांच्याकडून. सेन यांच्या हाताखाली डेट्रॉइटच्या डेनी मॅक्लेनने १९६८ मध्ये एकाच हंगामात ३१ सामने जिंकले होते; त्यानंतर आजवर कुणालाही ३० गाठता आलेले नाहीत. मझोनी स्वतः मात्र दुय्यम लीगमध्येच खेळले. मेजर लीगमध्ये त्यांनी एकही चेंडू टाकलेला नाही.

फळ काय मिळालं? १९९१ ते १९९८ या आठ वर्षांत नॅशनल लीगचा सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार सहा वेळा अटलांटात आला: टॉम ग्लॅव्हिन दोनदा, मॅडक्स तीनदा, जॉन स्मोल्ट्झ एकदा. १९९८ मध्ये संघाने जिंकलेल्या १०६ सामन्यांपैकी ८८ विजय फक्त पाच पिचरांच्या नावावर लागले. १९९४ चा संपाने अर्धवट राहिलेला हंगाम सोडला, तर १९९१ पासून २००५ पर्यंत ओळीने १४ वेळा संघ आपल्या विभागात पहिला आला. अर्थतज्ज्ञ जे. सी. ब्रॅडबरी यांच्या हिशेबाप्रमाणे, मझोनींच्या हाताखाली पिचर नऊ इनिंगमागे अर्ध्या धावेहून जास्त वाचवत. अर्धी धाव किरकोळ वाटते, पण १६२ सामन्यांत तिच्या ८१ धावा होतात, आणि बेसबॉलच्या ठोकताळ्यात दहा धावा म्हणजे एक विजय.

पुढे बाल्टिमोरमध्ये त्यांना २००६ आणि २००७ असे दोनच हंगाम मिळाले. तिथल्या पिचरांनी दोन्ही वर्षी नऊ इनिंगमागे पाचाहून जास्त धावा दिल्या आणि मझोनींची नोकरी गेली. मॅडक्स आणि ग्लॅव्हिनसारखे हात तिथे नव्हते, हे खरंच. पण ग्लॅव्हिन आणि स्मोल्ट्झ हे अटलांटात त्यांच्याच डोळ्यांसमोर घडले, हेही तितकंच खरं.

कूपर्सटाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये मॅडक्स, ग्लॅव्हिन आणि अटलांटाचे मॅनेजर बॉबी कॉक्स २०१४ मध्ये गेले, स्मोल्ट्झ २०१५ मध्ये. तिथे खेळाडू, मॅनेजर, पंच आणि प्रशासक यांना जागा आहे. कोच म्हणून केलेल्या कामासाठी वेगळी जागा नाही. ती असायला हवी, आणि पहिल्या यादीत सेन आणि मझोनी ही दोन्ही नावं हवीत.